शेकडा वाढ आणि घट : सूत्रं पाठ आहेत, पण कुठलं कुठे लावायचं?

खारेगावचा_परीक्षार्थी

नमस्कार मंडळी,

सरळसेवा भरतीची तयारी चालू आहे. काळ-काम-वेग, सरासरी, गुणोत्तर हे जमतंय. शेकडेवारीतही 'अमक्याचे १५ टक्के किती' इथपर्यंत अडत नाही. घोळ सुरू होतो तो वाढ-घट आली की. सूत्रं कागदावर लिहून भिंतीला चिकटवली आहेत, झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवीन. पण प्रश्न समोर आला की कुठलं सूत्र कुठे लावायचं ते सुचत नाही. नमुन्याला पाच गणितं देतो :

१) एका वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्क्यांनी कमी केली. एकूण फरक किती टक्के?
२) अ चा पगार ब च्या पगारापेक्षा २५ टक्के जास्त आहे. तर ब चा पगार अ पेक्षा किती टक्के कमी?
३) साखरेचा भाव २५ टक्के वाढला. खर्च तेवढाच ठेवायचा तर साखरेचा वापर किती टक्के कमी करावा लागेल?
४) एका संख्येत ३० टक्के घट केली तर ४२० उरतात. मूळ संख्या कोणती?
५) गावाची लोकसंख्या दरवर्षी १० टक्के वाढते. दोन वर्षांनी ती १४,५२० झाली. आधी किती होती?

उत्तरं मागे छापलेली आहेत : ४ टक्के घट, २०, २०, ६०० आणि १२,०००. उत्तरं नकोत, कारण हवंय. २ आणि ३ यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, तरी उत्तर एकच कसं? आणि पहिल्यात वीस वाढले, वीसच गेले, मग हिशेब बरोबरीत का सुटत नाही? अभ्यासिकेत विचारलं तर 'सूत्रात टाक, येतंय ना' एवढंच ऐकायला मिळतं.

नौपाड्याचे_मास्तर

तुमची अडचण सूत्राची नाहीच. टक्के म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा : कशाचे? तो न विचारता पुढे गेलात की गणित हमखास फसतं.

पहिलं गणित घ्या. वस्तू १०० रुपयांची. वाढवलेले २० टक्के १०० रुपयांचे आहेत, म्हणजे २० रुपये. आता वस्तू १२० ची झाली. कमी केलेले २० टक्के कशाचे? १०० चे नव्हेत, १२० चे. म्हणजे २४ रुपये. वीस आले, चोवीस गेले. उरले ९६. ते चार रुपये कुठे पळून गेलेले नाहीत, दुसऱ्या वेळी मोजायचं माप मोठं होतं, इतकंच.

आता माझी पद्धत सांगतो. मुलांना मी वर्षानुवर्षं हीच शिकवली. वाढ-घटीत बेरीज-वजाबाकी करायचीच नाही, गुणायचं.

२० टक्के वाढ म्हणजे १०० चे १२० झाले, म्हणजे ६/५ ने गुणलं.
२० टक्के घट म्हणजे १०० चे ८० झाले, म्हणजे ४/५ ने गुणलं.
६/५ × ४/५ = २४/२५. पंचवीसातला एक गेला, म्हणजे शंभरातले चार. झालं पहिलं गणित.

दुसरं. अ हा ब पेक्षा २५ टक्के जास्त. ज्याच्या'पेक्षा' म्हटलंय त्याचे १०० धरायचे. म्हणून ब १००, अ १२५. अपूर्णांक ५/४. आता उलट विचारलंय, म्हणजे अ कडून ब कडे जायचं. अपूर्णांक उलटा करा : ४/५. पाचातला एक कमी, म्हणजे २० टक्के.

तिसरं. खर्च म्हणजे भाव गुणिले वापर. भाव ५/४ पट झाला आणि खर्च होता तेवढाच ठेवायचा, तर वापर ४/५ पट करावाच लागेल. पुन्हा २० टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या गणिताचं उत्तर सारखं येण्याचं कारण हेच. दोन्हीकडे तुम्ही ५/४ उलटा केलात. एकात पगार आहे आणि एकात साखर, पण आत गणित एकच आहे.

चौथं. ३० टक्के घट म्हणजे ७/१० ने गुणलं आणि ४२० आले. मागे जायचं तर १०/७ ने गुणा. ४२० × १०/७ = ६००. इथे बरीच मुलं ४२० चे ३० टक्के काढून ते ४२० मध्ये मिळवतात आणि ५४६ लिहून मोकळी होतात. परीक्षकाने ५४६ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, हे ध्यानात असू द्या.

पाचवं. दोन वेळा ११/१०, म्हणजे १२१/१००. उलटं करा : १४,५२० × १००/१२१ = १२,०००.

एकही सूत्र लागलं नाही. भिंतीवरचा कागद काढलात तरी चालेल.

ऐरोली_एक्सप्रेस

मास्तर, समजावलंत छान. पण हे वर्गात चालतं, परीक्षेत नाही. तिथे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. अपूर्णांक करत बसलात तर मागचे दहा प्रश्न वाचायचेच राहतील.

परीक्षार्थी भाऊ, कागद काढू नका. त्यावर दोनच ओळी ठेवा :

लागोपाठ दोन बदल : क + ख + (क × ख ÷ १००). वाढ असेल तर अधिक, घट असेल तर उणे. पहिलं गणित : २० − २० − ४ = −४. पाच सेकंदात उत्तर.

उलट बाजू : जास्त दिलं असेल तर १०० × क ÷ (१०० + क), कमी दिलं असेल तर १०० × क ÷ (१०० − क).

मी याच जोरावर परीक्षा पास झालोय. तत्त्वज्ञान नोकरी लागल्यावर.

नौपाड्याचे_मास्तर

एक्सप्रेस, मग हे तुमच्या सूत्राने करून दाखवा. भाव आधी १० टक्के वाढला, मग २० टक्के वाढला, मग २५ टक्के उतरला. एकूण काय झालं?

ऐरोली_एक्सप्रेस

१० + २० + २ = ३२. मग ३२ − २५ − ८ = −१. एक टक्का घट. सूत्र दोनदा लावलं, झालं.

नौपाड्याचे_मास्तर

११/१० × ६/५ × ३/४ = १९८/२००, म्हणजे ९९/१००. एक टक्का घट. उत्तर तेच, पण मला मधला ३२ धरून ठेवावा लागला नाही. आणि नुसती बेरीज करणाऱ्याला मात्र ५ टक्के वाढ दिसली असती. वाढ झाली की घट, इथेच तो चुकला असता.

ऐरोली_एक्सप्रेस

मान्य. पण १३ टक्के आणि ७ टक्के आले तर तुम्ही ११३/१०० × १०७/१०० करत बसाल. मी १३ + ७ + ०.९१ = २०.९१ लिहून पुढे गेलेला असेन. सुटसुटीत अपूर्णांक असेल तिथे तुमची पद्धत, वेडेवाकडे आकडे असतील तिथे माझी. तह?

नौपाड्याचे_मास्तर

तह. ते सूत्र तरी कुठून आलं, १०० + क आणि १०० + ख यांच्या गुणाकारातूनच ना. फक्त पोरांना आधी गुणाकार कळू दे, मग सूत्र द्या. उलटं केलंत की हा धागा निघतो.

परीक्षार्थी, काही अपूर्णांक मात्र पाढ्यासारखे हवेत. साडेबारा टक्के म्हणजे १/८, सोळा पूर्णांक दोन तृतीयांश म्हणजे १/६, सव्वासहा म्हणजे १/१६, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश म्हणजे १/३. आणि त्यातली गंमत पाहा : १/४ ने वाढलं की १/५ ने उतरवायचं, १/५ ने वाढलं की १/६ ने, १/८ ने वाढलं की १/९ ने. खालचा आकडा एकाने पुढे. घटीकडून वाढीकडे येताना एकाने मागे.

कोपरीकर

अभ्यासाचा संबंध सुटून पुष्कळ काळ झाला, पण या विषयावर आमचं घरी नेहमी वाजतं, म्हणून लिहितो. विषय : रिक्षाचं भाडं.

मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचं किमान भाडं २१ रुपये होतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून २३ झालं आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून २६. पहिली वाढ २ रुपये भागिले २१, म्हणजे ९.५२ टक्के. दुसरी ३ भागिले २३, म्हणजे १३.०४ टक्के. आमचे चिरंजीव दोन्हींची बेरीज करून म्हणाले साडेबावीस टक्के वाढ झाली. पण २१ चे थेट २६ धरले तर ५ भागिले २१, म्हणजे २३.८१ टक्के. सव्वा टक्का आला कुठून यावर जेवण होईपर्यंत वाद.

एक्सप्रेस यांचं सूत्र आज लावून पाहिलं : ९.५२ + १३.०४ + १.२४ = २३.८०. सुटलं. तो सव्वा टक्का म्हणजे आधीच्या वाढीवर बसलेली नंतरची वाढ.

याहून मजा काळी-पिवळी टॅक्सीची. तिचं किमान भाडं त्याच दोन तारखांना २५ चं २८ आणि २८ चं ३१ झालं. दोन्ही वेळा वाढ तीनच रुपयांची. पण पहिली १२ टक्के आणि दुसरी १०.७१ टक्के. तीन रुपये तेच, टक्के वेगळे.

(स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांना यातलं काहीच लागू नाही. तिथे चौथा माणूस पुढे बसला की सगळे टक्के ड्रायव्हरचे.)

नेरुळची_सुगरण

कोपरीकर, शेवटच्या ओळीला शंभर टक्के अनुमोदन 😄

माझा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. आमच्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलं की एसी १० टक्के स्वस्त मिळणार. दुकानदार म्हणाला पावणेआठ टक्के. मला वाटलं उरलेलं हा खिशात घालतोय. खरं काय?

नौपाड्याचे_मास्तर

सुगरणताई, दुकानदार बिचारा खरं बोलतोय. कराआधीची किंमत ३०,००० धरा. २८ टक्क्यांनी तुम्ही ३८,४०० दिले असते. १८ टक्क्यांनी ३५,४००. तीन हजार वाचले. हे तीन हजार ३०,००० चे १० टक्के आहेत, पण तुमच्या खिशातून जाणार होते ३८,४००. त्याचे हे ७.८१ टक्के. १२८ चे ११८ झाले, म्हणजे १० भागिले १२८.

तुपाचंही तसंच. १२ वरून ५ झाला म्हणजे ७ टक्के स्वस्त नाही, ७ भागिले ११२, म्हणजे सव्वासहा टक्के. ५६० चा डबा ५२५ ला यायला हवा. तो तसा आलाय का, ते बघणं तुमचं काम.

नेरुळची_सुगरण

डबा बघितला जाईल. मग याचं उलटं पण सांगून टाका. ३५,४०० च्या बिलात जीएसटी किती, हे काढायला नवऱ्याने ३५,४०० चे १८ टक्के काढले, ६,३७२ आले. बिलावर ५,४०० छापलेत.

ऐरोली_एक्सप्रेस

बिल बरोबर. कर ३५,४०० वर नाही, ३०,००० वर बसला. कर धरून किंमत दिली असेल तर १८/११८ ने गुणायचं. ३५,४०० × १८/११८ = ५,४००. मास्तरांचं चौथं गणित हेच आहे, फक्त साडी बदललीय. आणि हा प्रश्न आता परीक्षेत वरचेवर येतो, परीक्षार्थींनी नोंद घ्या.

खारेगावचा_परीक्षार्थी

नोंद घेतली. म्हणजे 'वाढ होऊन इतके झाले' असं वाचलं की भागायचं, 'इतके होते आणि वाढले' असं वाचलं की गुणायचं. बरोबर?

नौपाड्याचे_मास्तर

बरोबर.

घोडबंदर_रोड_वॉर्ड_नं_कोणता

घर शोधणाऱ्यांसाठी हा धागा वर काढून ठेवा. रेरा (घरखरेदीचा कायदा) यायच्या आधी आमच्या घोडबंदर पट्ट्यात जो तो 'सुपर बिल्ट-अप' बोलायचा. (कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, सुपर बिल्ट-अप म्हणजे तीत जिना, लिफ्ट वगैरेंचा वाटा मिळवून. हा वाटा म्हणजे लोडिंग.) एका दलालाने मला सांगितलेलं : '७०० चौरस फुटांचा फ्लॅट, लोडिंग ४० टक्के.' मी खालच्या आवाजात बायकोला म्हटलं, ४० टक्के गेले की कार्पेट ४२० च हातात पडणार, चल. दलाल मागून हाका मारत आला, 'अहो साहेब, कार्पेट ५०० आहे!'

दोघेही आपापल्या जागी बरोबर बोलत होतो का? नाही. लोडिंग कार्पेटवर चढवतात. ५०० वर ४० टक्के म्हणजे २००, एकूण ७००. परत यायचं तर ७०० मधून ४० टक्के काढायचे नाहीत, ७०० ला १.४ ने भागायचं. म्हणजे कार्पेट सुपर बिल्ट-अपपेक्षा २८.५७ टक्के कमी. ४२० आणि ५०० मध्ये ८० चौरस फुटांचा फरक, ठाण्यातल्या टू-बीएचकेचं अख्खं स्वयंपाकघर आहे ते.

आता कायद्याने कार्पेटवरच व्यवहार करावा लागतो, त्यामुळे नव्या घरांत हा प्रश्न यायला नको. पण जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत अजून 'लोडिंग किती' विचारतात. तेव्हा 'कशावर' हेही विचारा.

मंत्रालय_लोकल

सरकारी नोकरांतर्फे माझी एक तक्रार. महागाई भत्ता ५० चा ५३ टक्के झाला तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी 'तीन टक्के पगारवाढ, मजा आहे' म्हणून पार्टी मागितली. मूळ वेतन ४०,००० धरा. आधी भत्ता २०,०००, एकूण ६०,०००. आता भत्ता २१,२००, एकूण ६१,२००. १,२०० भागिले ६०,०००, म्हणजे २ टक्के. घरभाडे वगैरे मिळवलं तर आणखी कमी. दोन टक्क्यांत पार्टी होत नाही, वडापाव होतो.

ऐरोली_एक्सप्रेस

आणि भत्ता स्वतः किती टक्के वाढला? २०,००० चे २१,२००, म्हणजे ६ टक्के. एकाच बातमीत ३, २ आणि ६ तिन्ही बरोबर. तिघेही वेगवेगळ्या गोष्टींचे टक्के आहेत.

५० चे ५३ याला टक्केबिंदू म्हणावं, टक्के नव्हे. वर्तमानपत्रं हे पाळत नाहीत. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजदराने पैसे देते तो) मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. 'अडीच टक्के वाढ' असं छापून आलं. वाढ अडीच टक्केबिंदूंची. टक्क्यांत ती साडेबासष्ट आहे. ज्याच्या गृहकर्जाचा हप्ता वाढला त्याला दोन्हीतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

घोडबंदर_रोड_वॉर्ड_नं_कोणता

मुद्रांक शुल्काचंही तेच. करोनाच्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० पर्यंत शहरांत मूळ शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं होतं, मग मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के. ५ चे २ म्हणजे तीन टक्केबिंदू, पण शुल्काच्या रकमेत ६० टक्के घट. आणि २ चे ३ झाले तेव्हा 'एकच टक्का वाढला' म्हणून थांबलेल्या मित्राला ५० टक्के जास्त भरावे लागले. ६० लाखांच्या घरावर १ लाख २० हजारांचे १ लाख ८० हजार.

वाशी_गाळा

बाजार समितीत कांदा-बटाट्यात माझी उठबस. आमच्याकडे घट म्हणजे वजनातली घट, ती कागदावर नाही, काट्यावर दिसते.

समजा चाळीत १०० किलो कांदा २० रुपयांनी ठेवला. काही सुकला, काही कोंबारला, काही सडला. बाहेर काढताना ८० किलो भरला. २० टक्के घट. नवीन माणूस म्हणतो भाव २० टक्के वाढवून २४ ला विक, मुद्दल सुटेल. ८० × २४ = १,९२०. गुंतवले २,०००. ८० रुपये खड्ड्यात, हमाली आणि चाळीचं भाडं वेगळंच. मुद्दल सोडवायचं तर २५ चा भाव हवा, म्हणजे पंचवीस टक्के वाढ. १/५ गेला की १/४ चढवायचा. मास्तरांनी 'घटीकडून येताना एकाने मागे' लिहिलंय, ते आमच्याकडे दहावी नापास पोरगाही तोंडी करतो.

आता शहाण्यांसाठी एक कोडं. १०० किलो काकडी आली. समजा तिच्यात ९९ टक्के पाणी आहे. उन्हात गाडी उभी राहिली, पाणी उडालं आणि ९८ टक्के पाणी राहिलं. आता काकडी किती किलो?

नेरुळची_सुगरण

९९ किलो?

कोपरीकर

९९ पेक्षा थोडं कमी. ९८.९९ वगैरे.

ऐरोली_एक्सप्रेस

हे मी वाचलेलं आहे, म्हणून गप्प बसतो. दोघेही पार चुकलेत एवढं सांगतो.

वाशी_गाळा

कोणी बोला. गाडी उन्हात उभी आहे.

खारेगावचा_परीक्षार्थी

करून बघतो. पाणी सोडून जे घन आहे ते १ किलो, आणि ते उडत नाही. आधी ते १०० चा १ टक्का होतं. आता पाणी ९८ टक्के, म्हणजे घन २ टक्के. कशाचे २ टक्के? आताच्या वजनाचे. आताच्या वजनाचे २ टक्के = १ किलो. म्हणजे वजन ५० किलो??

वाशी_गाळा

५० किलो. बक्षीस म्हणून काकडी घेऊन जा.

नेरुळची_सुगरण

छे, एक टक्का पाणी उडालं तर अर्धी गाडी कशी जाईल?

नौपाड्याचे_मास्तर

सुगरणताई, एक टक्का पाणी उडालेलं नाही, ५० किलो पाणी उडालंय. ९९ टक्के १०० किलोचे होते, ९८ टक्के ५० किलोचे आहेत. ९९ किलो पाण्याचं ४९ किलो झालं. पाण्याकडे न बघता जे बदलत नाही त्याच्याकडे बघायचं, इथे तो एक किलो. तेच परीक्षेत द्राक्ष-बेदाण्याच्या रूपात येतं : १०० किलो द्राक्षांत ८० टक्के पाणी, बेदाण्यात २० टक्के, तर बेदाणा किती? घन २० किलो, ते बेदाण्याचे ८० टक्के, म्हणजे २५ किलो.

परीक्षार्थी, तुम्ही 'कशाचे' विचारलंत. शाब्बास.

ठाणे_पूर्व_फलाट_दहा

शेअर बाजाराचं कोणी लिहिलं नाही म्हणून. सेन्सेक्स १४ जानेवारी २०२० ला ४१,९५० च्या आसपास बंद झाला होता, २३ मार्च २०२० ला २५,९८० च्या आसपास. ३८ टक्के घसरण. तिथून मूळ जागी यायला किती टक्के चढायला हवं? ३८ नाही, साडेएकसष्ट. ५० टक्के बुडाले तर शंभर टक्के कमवावे लागतात, ९० टक्के बुडाले तर ९०० टक्के. शेवटचं वाक्य ऑप्शनवाल्या मित्रांना पाठवायला वापरा.

नौपाड्याचे_मास्तर

दशवार्षिक वाढीचंही सांगून टाकतो, कारण लोकसंख्येचं गणित प्रत्येक पेपरात असतं. २००१ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ होती, २०११ मध्ये १,१०,६०,१४८. (पालघर तेव्हा आपल्यातच होता, २०१४ मध्ये वेगळा झाला.) वाढ ३६.०१ टक्के. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला, ७.५७ टक्के घट. माणसं कुठे गेली, ते सकाळच्या फलाटावर उभं राहून बघावं.

आता ३६ टक्के दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला ३.६ टक्के असं म्हणणारे आहेत. तसं नाही. वर्षाला ३.६ टक्क्यांनी वाढत गेली असती तर वाढीवर वाढ बसून दहा वर्षांत ४२ टक्क्यांच्या वर गेली असती. खरा वार्षिक वेग ३.१ टक्क्यांच्या आसपास पडतो. परीक्षेत दहाव्या वर्षाचं विचारत नाहीत, दोन-तीन वर्षांचंच विचारतात, पण चूक तीच असते.

ऐरोली_एक्सप्रेस

परीक्षार्थी भाऊ, आता तुमची परीक्षा. सूत्रात बसत नाही असं एक : एक माणूस उत्पन्नाच्या २५ टक्के बचत करतो. उत्पन्न २० टक्के वाढलं, खर्च १० टक्के वाढला. बचत किती टक्के वाढली? पर्याय : अ) १० ब) ३० क) ४५ ड) ५०

खारेगावचा_परीक्षार्थी

उत्पन्न १००, बचत २५, खर्च ७५. नवीन उत्पन्न १२०. खर्चाचे १० टक्के ७५ वर, म्हणजे ८२.५. बचत ३७.५. साडेबारा वाढले, पण ते २५ वर मोजायचे. पर्याय ड.

ऐरोली_एक्सप्रेस

बरोबर. १०० धरून केलंत, सूत्र शोधत बसला नाहीत. वेळ जरा जास्त लागला असेल, तो सरावाने कमी होईल. रोज अशी आठ-दहा करा, टायमर लावून.

मंत्रालय_लोकल

मास्तर, पुढचा धागा नफा-तोटा आणि छापील किमतीवर काढा. 'खरेदी किमतीवर २० टक्के नफा' आणि 'विक्री किमतीवर २० टक्के नफा' यात माझा अजून घोळ आहे.

नौपाड्याचे_मास्तर

काढतो. तोवर एवढं करून ठेवा : खरेदी किमतीवर २५ टक्के म्हणजे विक्री किमतीवर किती?

वाशी_गाळा

वीस. काट्याचं आवरून दुपारी वाचतो नवीन धागा.